डाव्या हाताचं तीर्थ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी नेहमी दारातूनच परत पाठवत आलो. चिपळूणहून रिकाम्या हाताने आलो, अमेरिकेत बेलव्ह्यूला फरशांचा धंदा उभा केला. घासाघीस केल्याशिवाय मी कशालाच हो म्हणत नाही. तरी हे लिहितोय...

१९९६चा डिसेंबर. मुलीच्या, मीराच्या हट्टामुळे होनोलुलूला गेलो होतो. उसाच्या मळ्यांवर आलेल्या जपानी मजुरांच्या काळातलं एक शिंतो देऊळ तिथे आहे. सकाळचे अकरा वाजले होते. आत जाण्याआधी दगडी कुंडातल्या पाण्याने हात धुवायचे, चूळ भरायची, अशी रीत. लांब दांड्याचा बांबूचा डाव माझ्या हातात आला तो भरलेलाच. मी सवयीने उजव्या तळहातावर पाणी घेतलं, तीर्थासारखं प्यालो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

अंगण झाडणारी जपानी आजी हसली. हे पाणी पीत नाहीत, म्हणाली. मग म्हणाली, “तुमच्याबरोबरचे गृहस्थही प्याले. पण डाव्या हाताने. मग त्यांनीच डाव भरून तुम्हाला दिला.”

मी तिच्यावर भडकलो. माझ्याबरोबर कोणीही नव्हतं. कॅमेरा घेऊन कमानीपाशी उभी असलेली मीरा म्हणाली, “बाबा, देअर वॉज नोबडी. चिल.”

पण डावा हात...

माझा धाकटा भाऊ दिनकर डावखुरा. तीर्थाला डावा हात पुढे करून आईचे फटके खायचा. त्या डिसेंबरच्या तीन वर्षं आधी आई गेली, ते त्याने मला तेराव्यानंतर कळवलं. का, तर म्हणे, “आधी कळवलं असतं तर येऊन भांडला असतास, दादा.” तुझ्या हातचं पाणी पिणार नाही, असं मी फोनवरच सुनावलं. त्यानंतर बोललो नाही.

हॉटेलवर परतलो, तर दिनकरच्या बायकोचा फोन. बेलव्ह्यूला माझ्या बायकोकडून नंबर घेऊन केलेला.

“भावोजी, हे गेले. पहाटे अडीचला. या वेळी लगेच कळवतेय... या. भांडायला आता कोणी नाही.”

भारतातले पहाटेचे अडीच म्हणजे होनोलुलूतले सकाळचे अकरा. मी तीन-तीनदा मोजून पाहिलं.

आजीला ऊन लागलं असेल, दुसराच कोणी टुरिस्ट असेल — सगळं म्हणून झालं. पण भरलेला डाव मला कोणी दिला, ते मला आजही सांगता येत नाही. दिनकरला मी माफ केलेलं नाही. त्याने माझी शपथ मोडली, आणि नाही म्हणायची संधीसुद्धा दिली नाही.