रोज दोनच तास

माझा धाकटा भाऊ परराज्यातल्या एका खोल खाणीत पाळीचा मुकादम आहे. दिवाळीला जव्हारला आला तेव्हा त्याने आपली नोंदवही माझ्यापुढे ठेवली. बढतीच्या परीक्षेसाठी ती स्वच्छ अक्षरात उतरवून हवी होती. अशी कामं घरात माझ्याकडेच येतात.

तिथे खडक वरच्या भाराने आवळलेला असतो. सुरुंग उडवला की बराच वेळ आतून कडाडत राहतो. कधी भिंतीचा तुकडाच गोळीसारखा सुटतो. म्हणून खडकातल्या या कडाडण्याचे ठोके मोजणारं यंत्र असतं. ठोके विरळ झाले की वरच्या ऑफिसातून फोन येतो आणि मगच माणसं आत जातात. वहीत या थांबण्याच्या वेळेचा रकाना होता.

चौथ्या पानावर माझा हात थांबला. रोज दोन तास. ना पाच मिनिटं कमी, ना जास्त. आमच्याकडे भूकंपाचे धक्के बसत होते तेव्हा मी प्रत्येक धक्का कॅलेंडरवर टिपायचे. दोन धक्क्यांतलं अंतर कधीच सारखं आलं नाही. कधी आम्ही तासाभरात घरात शिरलो, कधी साखरशेतची मावशी दिवसभर खळ्यात बसून राहिली.

"खडक घड्याळ घालतो का रे?"

"ताई, तू अक्षर बघ. तपासणी नको."

"फोन रोज येतो?"

"येतो की."

"कोण करतं?"

तो ताटातली चकली मोडत बसला. मग म्हणाला, "कोणी करत नाही. दोन तास झाले की आम्ही जातो. सगळ्याच पाळ्या जातात."

गेल्या महिन्यात भिंतीतून दगड सुटून ड्रिल मशीन वाकलं होतं, हेही तेव्हाच कळलं. चालवणारा नेमका पाणी प्यायला गेला होता. वहीत त्याची नोंद नव्हती.

मी वही परत दिली. "खोटं मी उतरवणार नाही."

"मग माझी परीक्षा बुडाली समज."

रुसूनच गेला. पंधरवड्याने त्याचा फोन आला.

"आज मीच वर विचारलं. ठोके चालूच होते. माणसं आत सोडली नाहीत. साहेबांनी झापलं."

"आणि पुढची पाळी?"

"त्यांना सांगितलं."

"तोंडी?"

"लिहून दिलंय गं बाई!"

"वाच."

त्याने वाचलं. मी वेळ विचारली, सही कोणाची घेतली ते विचारलं, आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं.