मोठ्या आकड्याची सिस्टिम

केजला आमच्या किराणा दुकानाचा अर्धा भाग आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कॉम्प्युटर क्लाससाठी दिला, तेव्हा धाकटे काका चांगलेच फुगून बसले होते. गावात एसटीडी बूथ नुकते कुठे रुळत होते, आणि मी दोन कॉम्प्युटर मांडून नऊ मुली जमवल्या होत्या. दोघी तर नांदूरघाटहून जीपमध्ये कोंबून यायच्या. मी पदवीधर होते, हट्टी होते, आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता.

पुण्याहून टपालाने दोन सीडी मागवल्या. फुकट वाटता येणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम होती. एका सीडीवर लिहिलेलं '२.२ रिलीज', दुसरीवर '३.० करंट'. मी पडले दुकानदाराची मुलगी. करंट म्हणजे ताजा माल, असं मी धरून चालले. ३.० बसवली आणि मुलींना ऐटीत सांगितलं, बीड जिल्ह्यात ही कुणाकडेच नसेल.

खरंच नव्हती. का नव्हती, ते आठवड्यात कळलं. कॉम्प्युटर मध्येच गोठायचा आणि मुलींनी लिहिलेले प्रोग्राम गायब व्हायचे. मी व्होल्टेजच्या नावाने खडे फोडले, पण वीज नीट असतानाही तेच. नांदूरघाटच्या एकीचं तीन दिवसांचं काम गेलं आणि ती रडायला लागली. आता वडील येऊ देणार नाहीत, म्हणाली. काकांनी ते पाहिलं.

"पोरींचा टाइम कावून घालवायलीस?" ते म्हणाले. "आठ दिवसांत नीट झालं न्हाई तर इथं गुळाच्या ढेपा लावतो."

मी सीडीसोबतचा कागद डिक्शनरी घेऊन वाचत बसले. करंट, स्टेबल, रिलीज. शब्द कळत होते, भानगड कळत नव्हती. वैतागून आप्पांनाच विचारलं, एकाच सिस्टिमचे तीन प्रकार कशाला करतात लोक?

आप्पांनी तराजूवरून मान वर केली. "नव्या पोत्यातला तांदूळ आपुन आधी कुटं शिजवतो?"

"आपल्या घरी."

"भाताचा गिचका झाला तर कोन खातं?"

"आपणच."

"अन् लग्नाला कोन्ता देतो?"

लग्नाचा तांदूळ आमच्याकडे वेगळा असायचा. घरी शिजवून पारखलेला माल बाजूला काढायचा. मग त्यात नवं पोतं मिसळायचं नाही, फक्त खडे वेचायचे. आणि एका दिवशी पोत्याचं तोंड शिवून वर खूण करायची. पंगतीला तेच पोतं जायचं.

मी ताडकन उठले. करंट म्हणजे सिस्टिम घडवणाऱ्यांच्या घरची चूल. तिथे रोज नवं काहीतरी शिजतं, बिघडतं, आणि ते बिघडलेलं खायची तयारी असणाऱ्यांनीच तिथे बसायचं. तिच्यातून एक फांदी वेगळी काढतात, तिच्यात शक्यतो दुरुस्त्याच करतात, ती स्टेबल. त्या फांदीवरचा माल एका दिवशी शिवून बाहेर पडतो, तो रिलीज. आणि मी नऊ मुलींच्या पंगतीला कच्चा माल वाढला होता! लाज वाटली, आणि खरं सांगते, त्याहून जास्त आनंद झाला. मुलींना बोलावून माझी चूक सांगितली, फळ्यावर फांद्या काढून दाखवल्या, आणि २.२ बसवली.

आठव्या दिवशी काका हमालाला घेऊन आले. बाहेर हातगाड्यावर ढेपा होत्या. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते स्टुलावर अर्धा तास बसले. दोन्ही कॉम्प्युटर चालू होते. मग त्यांची नजर सीड्यांवर गेली.

"ही तीनवाली सोडून दोनवाली कावून लावली? लहान आकडा हाय की."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती रडलेली मुलगी खुर्चीतून उठली. "काका, तीनवाली अजून व्हायलीय. तिच्यावर काम करनारे येगळे. आमाला शिकायचंय, म्हनून फांदी फुटून पक्की झालेली घेतली." खडू घेऊन तिने सगळं काढून दाखवलं, एकदाही न अडखळता. आप्पांनी तराजू खाली ठेवला होता.

"मालक, ढेपा कुटं उतरवू?" हमालाने दारातून विचारलं.

"घरी ने," काका म्हणाले, आणि स्टूल फळ्याजवळ ओढलं. "हां, पुन्यांदा सांग बाई. फांदी कुटून फुटती म्हनलीस?"