गालावर घासलेले ठोकळे

सुतारआजोबांची एक खोड होती. उरल्यासुरल्या लाकडाचे ठोकळे नातीसाठी कापायचे, कडांना पॉलिश पेपर मारायचा आणि प्रत्येक ठोकळा स्वतःच्या गालावर घासून बघायचा. "माझ्या गालाला टोचलं नाही, तर तिच्या हाताला कशाला टोचेल?" गालाचं खेटर झालंय, हे त्यांना कोण सांगणार!

मुलाने हौसेने आणलेली बोलकी बाहुली नातीने दोन दिवसांत भिरकावली होती. बाहुलीला एकच गाणं येत होतं. ठोकळा मात्र घटकेत गाडी व्हायचा, घटकेत साबण, नाहीतर बाळ. सून आधी नाक मुरडायची. पण पोर ठोकळ्यांशी लांबच लांब गोष्टी बोलायला लागली, तशी सूनच म्हणायला लागली, "बाबा, अजून आणा."

त्या दुपारी कामावर आजोबांचा गाल चुरचुरायला लागला. खाजवता खाजवता हात थांबला. सकाळी दिलेल्या ठोकळ्यांत एक तुकडा कालच्या चौकटीचा होता, आणि त्या चौकटीला वाळवीचं औषध पाजलेलं होतं. जालीम विष! नात अजून हाताला येईल ते तोंडात घालायची.

सून फोन उचलेना. करवत तिथेच टाकून आजोबा पळत सुटले. आपल्याच हातांनी आपण पोरीला... पुढचं त्यांना मनातही म्हणवेना.

"फोन का उचलत नाहीस गं?" ते दारातूनच ओरडले.

"कपडे धूत होते, बाबा. झालं काय?"

"एका ठोकळ्याला विष आहे!"

सून पांढरीफटक पडली. दोघं आत धावली. नात ठोकळा चघळत बसली होती. आजोबांनी तो हिसकावून हुंगला. साधं लाकूड. बाकीचेही हुंगले. तो तुकडा त्यांत नव्हताच.

"अजून एक होता ना? कुठाय, बाळा?"

नातीने ओठांवर बोट ठेवलं. "शू! तो आजारी आहे."

खिडकीखाली तो रुमाल पांघरून निजला होता. "त्याला घाण वास येतो. हात नाही लावायचा. पापी पण नाही घ्यायची."

सुनेने पोरीला उचललं, हात-तोंड खळखळून धुतलं. "तरी डॉक्टरांना दाखवूनच येऊ," ती म्हणाली. आजोबा मटकन खाली बसले.

नात ओल्या हातांनी त्यांच्यापाशी आली. त्यांची थरथर तिने पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आजोबा, तुम्ही पण आजारी? झोपा. पण त्याच्यापासून लांब."

आजोबा मुकाट्याने आडवे झाले, आणि मग त्यांना रडू आवरेना.