वहिनींचा ड्यूटी चार्ट आणि सातमुंड्या

आमच्या मोठ्या जाऊबाईंना स्वस्थ बसणं म्हणून माहीत नाही. आमचे हे त्यांना वहिनी म्हणतात म्हणून मीही वहिनीच म्हणते. मनातल्या मनात काय काय म्हटलंय ते माझं मलाच ठाऊक. चौतीस वर्षं इस्पितळात काढली त्यांनी. साध्या नर्स म्हणून लागल्या आणि मेट्रन होऊन बाहेर पडल्या. शेवटची अठरा वर्षं कुणी कुठल्या वॉर्डात, कुठल्या शिफ्टला, कुणाच्या जोडीला उभं राहायचं, याचा चार्ट त्याच काढायच्या. दर रविवारी दुपारी जेवणाचं टेबल स्वतः पुसून घ्यायच्या. आखीव वही, टोक काढलेली पेन्सिल, डाव्या हाताला खोडरबर. ऐंशी नर्सा. कोण तापट, कोण घाबरट, कुणाचं कुणाशी विळ्या-भोपळ्याचं, कुणाचं पोर आजारी, सगळं तोंडपाठ. पेननं कधी लिहिलं नाही. "माणसं आहेत, बदलावं लागतं," म्हणायच्या.

माझी मुलगी लहानपणी त्या टेबलाशी बसून खोडरबराचा चुरा फुंकायची. आम्ही तिला बारकी म्हणतो. आता चोवीस वर्षांची घोडी झालीय, तरी बारकीच.

मग वहिनी निवृत्त झाल्या आणि माझे ग्रह फिरले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे तारखेप्रमाणे लावले. मीठ शोधायला मला पंधरा मिनिटं लागली. दुसऱ्या आठवड्यात ओट्यावर चिकटवलेली चिठ्ठी दिसली: 'ओली सुरी येथे ठेवू नये.' आता सांगा! सत्तावीस वर्षं सहा माणसांचं ते स्वयंपाकघर मी एकटी ओढतेय. वहिनींची नोकरी म्हणून घर माझ्याकडे, असं कुणी बसून ठरवलं नव्हतं, होत गेलं. माझं डोकं असं सणकलं की मी ती चिठ्ठी तशीच ठेवून तडक बारकीच्या खोलीत गेले.

"तुझ्या काकूला काहीतरी काम दे," म्हटलं. "नाहीतर या घरात एक तर त्या राहतील नाहीतर मी."

बारकी त्या खोलीत दोन वर्षं कॉम्प्युटरवर गेम बनवत होती. ती आणि चित्रं काढणारी तिची एक मैत्रीण, दोघीच. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिनं समजावलं तेवढं सांगते. जंगलात हिंडायचं आणि राक्षस पकडायचे. राक्षस म्हणजे भीती वाटावी असे नाहीत, एखाद्याला तर कुशीत घ्यावंसं वाटतं. पकडलेल्यांना चौकटीत हव्या त्या जागी उभं करायचं आणि बटण दाबायचं. पुढे ते आपले आपण लढतात. आपण मध्ये बोटसुद्धा लावायचं नाही. हरलो की सगळे राक्षस गेले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि जंगलही नवंच.

"मग खेळणाऱ्यानं करायचं काय?" मी विचारलं.

"आई, सगळं आधी करायचं. नंतर नुसतं बघत बसायचं."

"हे तर मुलांना वाढवण्यासारखं झालं," मी म्हटलं. ती हसली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कारण त्या दिवसांत तिच्या जिवाला एक घोर लागला होता.

त्या गेममध्ये तिनं एक नियम घातला होता: थकवा. जो राक्षस लढतो तो दमतो, दर लढाईला त्याचा जोर कमी होत जातो. पडद्याच्या कोपऱ्यात एक बीळ आहे. तिथे एक फेरी झोपवला की ताजा. शेवटी येतो सातमुंड्या. त्याच्याशी तीन फेऱ्यांची लढाई, दोन फेऱ्यांच्या मध्ये तेवढे गडी बदलता येतात. सहा मित्रमैत्रिणींनी महिनाभर खेळून पाहिलं. सगळे दुसऱ्या फेरीतच आडवे. सगळ्यांचं एकच म्हणणं, हा थकवा म्हणजे नुसती कटकट, काढून टाक. चित्रं काढणारी मैत्रीणही तेच म्हणायला लागली. बारकीचा जीव मात्र त्या नियमात अडकला होता. "तो काढला तर उरलेला गेम कुणीही केला असता, आई," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. शेवटी दोघींचं ठरलं. रविवारी पाच वाजता गेम पुढे पाठवायचा. तोवर बाहेरच्या एका तरी माणसानं सातमुंड्याला हरवलं तर नियम राहील, नाहीतर जाईल. मध्ये अकरा दिवस होते.

आणि त्यात मी वहिनींना नेऊन बसवलं. खरं सांगते, मला गेमचं काही पडलेलं नव्हतं, मला माझं मीठ जागेवर हवं होतं.

वहिनींनी चष्मा पुसला, पडदा नीट पाहिला आणि म्हणाल्या, "पेन्सिल दे."

पहिल्या दिवशी नऊ वेळा हरल्या. बाकीची मुलं हरली की टेबलावर मुठी आपटायची, म्हणे. वहिनी वहीत लिहायच्या. मी चहा द्यायला गेले की कानावर पडायचं. "हा धडक्या जोरदार आहे, पण शेजारी कुणाला टिकू देत नाही. आमच्याकडे ऑपरेशन थिएटरला एक होती अशी." धडक्या म्हणजे शिंगं रोखून धावणारा, त्या जंगलातला सगळ्यात ताकदवान गडी. ठोंब्या नावाचा एक होता. तो मारत नाही, पळत नाही, नुसता उभा राहून मार खातो. त्याला कुणी पकडतच नसे. वहिनींनी दोन दोन पकडले. "रात्रपाळीला अशीच माणसं लागतात," म्हणाल्या. लुकलुक म्हणून एवढासा किडा होता. तो शेजाऱ्याच्या जखमा भरायचा, पण धडक्याच्या बाजूला ठेवला की घाबरून विझायचा. वहिनींनी त्याला दोन ठोंब्यांच्या मध्ये बसवला आणि वहीत लिहिलं, 'येथे रमतो.'

चार दिवसांत घरात शांतता पसरली. डबे परत माझ्या जागी आले. मला वाटलं होतं मी आनंदानं नाचेन. नाचले काही नाही. भाजी चिरताना कान मात्र त्या खोलीकडे लागायला लागले, आणि आठव्या दिवशी मी चहा देऊन परत यायच्याऐवजी तिथेच खुर्ची ओढून बसले.

रविवार उजाडला. तोवर वहिनी सत्तेचाळीस वेळा हरल्या होत्या आणि एकदाही दुसरी फेरी ओलांडली नव्हती. दुपारी तीनला अठ्ठेचाळिसावा डाव सुरू झाला. चित्रं काढणारी मैत्रीण आली होती. तिनं नियम काढलेला गेमही तयार ठेवला होता. बारकी नखं खात होती. सव्वाचारला सातमुंड्या समोर आला. सात तोंडं, प्रत्येकाचा वेगळा कारभार: एक आग ओकतंय, एक चावतंय, एक गुरगुरतंय.

वहिनींनी वही उघडली, बोट ठेवून एक ओळ वाचली, आणि धडक्याला उचलून सरळ बिळात ठेवलं.

"काकू, चुकून तिकडे गेला तो!" मैत्रीण ओरडली.

"चुकून नाही गं. सलग तीन लढाया झाल्यात त्याच्या. त्याला आज ऑफ आहे."

"अहो पण शेवटची लढाई आहे! सगळ्यात ताकदीचा गडी कुणी झोपवतं का?"

"शेवटची असली म्हणून काय झालं? दमलेली नर्स वॉर्डात उभी केली की चुकीचं इंजेक्शन देते. माझ्या चार्टमध्ये तीन सलग झाल्या की सुट्टी. डॉक्टर येऊन ओरडले तरी मी ऐकलेलं नाही."

बारकीनं कपाळाला हात लावला. मी देवाला हात जोडले, कुठल्या ते विचारू नका. वहिनींनी दोन्ही ठोंबे पुढे, मध्ये लुकलुक असं लावलं आणि बटण दाबलं.

पहिल्या फेरीत ठोंब्यांनी काय मार खाल्ला! बघवेना. पण पडले नाहीत. मध्ये लुकलुक आपला एकदा ह्याची, एकदा त्याची जखम भरतोय. पहिली फेरी संपली तरी वहिनींनी धडक्याला उठवलं नाही. दुसऱ्या फेरीत एक ठोंब्या कोसळला. मैत्रीण खोलीतून बाहेर चक्कर मारून आली. दुसरी फेरी संपली, आणि आमचे दोघं अजून उभे होते. महिनाभरात तिसरी फेरी कुणी पाहिलीच नव्हती.

तेवढ्यात बारकी खुर्चीवरून उठली. "अगं बाई," म्हणाली, "सातमुंड्याची आग बघ."

आग कुठली, नुसती फुंकर निघत होती. चावणारं तोंड अर्ध्यात मिटत होतं. दोन मुंडकी तर सरळ पेंगत होती.

"थकवा सगळ्यांनाच लावलाय मी," बारकी हळूच म्हणाली. "त्यालासुद्धा. मीच विसरले होते. इतक्या लांब कुणी आलंच नाही ना."

वहिनी पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "नियम म्हटला की सगळ्यांना सारखाच असणार. आणि ह्याला बदली देणार कोण? सात तोंडं आहेत, पण गडी एकटाच. सकाळची ड्यूटी हाच, दुपारची हाच, रात्रीची हाच. ह्याला कुणी सुट्टी दिली नाही कधी. म्हणून तो एवढा गुरगुरतो."

मग त्यांनी झोपून ताजा झालेला धडक्या पुढे आणला आणि बटण दाबलं. तीन धडका. सातमुंड्या खाली बसला, सातही डोकी पंजांवर ठेवली आणि झोपला. मैत्रिणीनं त्याचा मेलेला असा काही चेहरा काढलाच नव्हता; हरला की झोपतो, असंच चित्र होतं.

दोघी पोरी किंचाळल्या. बारकीनं काकूच्या गळ्यात हात टाकले, वहिनींचा चष्मा वाकडा झाला. "हा नियम कुठून आला माहितीये का तुला?" बारकी रडत हसत म्हणाली. "तुझ्या वहीतून. मी चुरा फुंकायचे तेव्हा तू शेवटचा रकाना सुट्टीचा भरायचीस. म्हणायचीस, हा रकाना आधी भरायचा असतो." पाच वाजता गेम गेला, नियमासकट.

मी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना गोड करायचं कबूल केलं, आणि ओट्याशी आले. तिथे आल्यावर मला एकदम रडू फुटलं. का, तर त्या झोपलेल्या राक्षसासाठी. वेडेपणाच म्हणायचा. मी बरणीचं झाकण घट्ट धरून उभी होते, आणि मागे वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. ओट्यावर चिकटवलेली ती सुरीची चिठ्ठी मी रागानं तशीच ठेवली होती. ती त्यांनी नखानं खरवडून काढली, चुरगळून पदराआड धरली आणि गेल्या.

सोमवारी सकाळी फ्रिजच्या दारावर आखीव कागद होता. सात वार, तीन वेळा, घरातली सहा माणसं. आमच्या ह्यांचं नाव मंगळवारच्या भांड्यांसमोर होतं, ते बघून हे दोनदा चष्मा घालून वाचून आले. बारकीकडे गुरुवारचा स्वयंपाक. वहिनींकडे तीन सकाळच्या पाळ्या. शेवटच्या रकान्यात, बुधवारसमोर, एकच शब्द होता: धाकटी. म्हणजे मी. बाकी सगळा चार्ट पेन्सिलीनं होता. तेवढा शब्द पेननं लिहिला होता.

"अहो वहिनी, मी काय राक्षस आहे?" मी म्हटलं.

"अठरा वर्षं ऐंशी जणींचा चार्ट काढला," त्या म्हणाल्या. "घराचा काढायचा राहिला. चुकलंच माझं."

मी त्यांनाच ओरडले की आधी चहा घ्या, गार होतोय.

बुधवारी सवयीनं सहाला जाग आली. उठून स्वयंपाकघरात गेले, तर वहिनी ओट्याशी. मागे न बघताच म्हणाल्या, "तुझी ड्यूटी नाही." मी तशीच परत येऊन आडवी झाले, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. थोड्या वेळानं दूध उतू गेल्याचा वास आला, पाठोपाठ पातेलं आपटल्याचा आवाज आणि ह्यांचं "गॅस, गॅस!" मी सगळं ऐकलं, कूस बदलली आणि झोपून गेले.