ओल लागलेल्या चान्या

साठच्या दशकातल्या एका पावसाळ्यात, आमच्या ठाणाकुशनूर गावात, माझी बहीण बाळंत झाली आणि तिला दूध येईना. अंगात ताकदच उरली नव्हती. तेव्हा शेजारची बाई, जिला सगळे अक्का म्हणत, रानडुकराच्या चान्यांचं गाडगं घेऊन आली. मीठ-हळद लावून उन्हात वाळवलेल्या मांसाच्या या पट्ट्यांनी बाळंतीण उभी राहते, असं आमच्याकडे मानत.

अक्का बोलताना हात थांबवत नसे आणि कुठलाही जिन्नस आधी हुंगून मगच चुलीजवळ नेई. त्या दिवशी हुंगल्यावर तिला कळलं की गाडग्यात ओल शिरली आहे. बुरशी धरलेल्या पट्ट्या तिने टाकून दिल्या. उरलेल्या धुऊन उकळल्या, ते खारट पाणी ओतून टाकलं आणि नव्या पाण्यात ज्वारीचं पीठ लावून रस्सा केला. पहिली वाटी मात्र तिने स्वतः खाल्ली आणि उंबऱ्याशी बसून राहिली.

आईने विचारलं, "अक्का, तुमीच कामून खायलाव?"

"मला काय झालं तर आमचे मालक दुसरी करतेल, हौसच हाय त्येन्ला. हिला झालं तर लेकराला कोण पाजंल?"

"तवर पोरगी उपाशीच ठिवू व्हय?"

"भाकर-दूध द्या. दिवस कलंपतूर मी हितंच बसते."

दिवस कलला. अक्काला काही झालं नाही. तिने रस्सा पुन्हा खळखळून उकळला आणि बहिणीला आपल्या हाताने भरवला. बहिणीने आणखी मागितला.

त्याच आठवड्यात बाळ आईच्या अंगावर पोटभर पिऊन झोपलं.