फुटक्या कोषांच्या मॅडम

"ओढा. जोरात ओढा की सर, लाजताय काय?"

स्टाफरूममध्ये कुणाचे हात रिकामे दिसले, की आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम त्याला एक पातळ, ओलसर, काचेसारखी पट्टी धरायला लावायच्या. मी ओढायचो. पट्टी ताणायची, पण तुटायची नाही. मॅडम अशा खुलायच्या, जणू पोराचा बोर्डात नंबर आलाय. मग सांगायच्या, "नुसत्या पॉलिमरची पट्टी ओल्या पापडागत फाटती. हिच्यात रेशमाचे बारीक तुकडे हायत."

ही पट्टी जखमेवर लावायची होती. भूकंपानंतर आम्ही बरेच जण लातूरच्या दवाखान्यात मदतीला गेलो होतो. मॅडम तेव्हा नोकरीत नव्या होत्या. जखमेवर सुकलेली कापडी जाळी काढताना नवी कातडीही सोलून यायची आणि माणसं किंचाळायची. आम्ही पुढे ते विसरलो, पण मॅडमनी न चिकटणाऱ्या पट्टीचा ध्यास घेतला.

मग गावात क्लासेसचं पेव फुटलं. पोरं दिवसभर क्लासला, कॉलेजची प्रयोगशाळा ओस. आम्ही हळहळायचो, मॅडम मात्र खूश, सगळी टेबलं त्यांचीच! क्लासवाले शिकवायला बोलवायचे, तर म्हणायच्या, "माझं पातेलं उकळायलंय, नंतर बघू." अशी हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एवढी लाघवी हट्टी मी तरी दुसरी पाहिली नाही.

या पातेल्यात मॅडम घरीच रेशमाचे कोष उकळायच्या आणि त्यापायी घरात रामायण झालं. त्यांच्या सासूबाई, म्हणजे अव्वा, कट्टर शिवभक्त. कोष किड्यासकट उकळतात हे कळल्यावर त्यांनी बजावलं, "जीव उकळल्यालं भांडं माझ्या घरात न्हाई चालायचं." हे सांगताना त्यांच्या अंगावर रेशमी इरकली लुगडं होतं, पण ते बोलून दाखवायची कुणाची बिशाद! मॅडमनी वाद घातला नाही. चाकूरकडच्या शेतकऱ्यांकडे विकायचे राहिलेले, भोक पडलेले कोष असायचे. पतंग भोक पाडून निघून गेला, की त्या कोषातून सलग धागा येत नाही, व्यापारी घेत नाहीत. मॅडमना तुकडेच हवे होते.

"किडा गेला निघून, अव्वा. रिकामं घर हाय."

अव्वांनी एकेक कोष कानाशी हलवून खात्री केली आणि पातेल्याला परवानगी मिळाली.

पुढे अव्वांच्याच पायाला साखरेमुळे जखम झाली. ती भरेना. डॉक्टर पाय कापायची भाषा करू लागले. मी भेटायला गेलो होतो, तेव्हा अव्वा सुनेला म्हणाल्या, "तुझी ती पट्टी लाव की गं."

"न्हाई अव्वा. ती अजून माणसावर तपासली न्हाई. नांदेडला उंदरांवर चाललंय."

"मग मला उंदीर समज!"

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या बधल्या नाहीत. खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला.

त्यानंतर रोज कॉलेज सुटलं, की मॅडम अव्वांचा पाय मांडीवर घेऊन बसायच्या. डॉक्टरांनी दिलेली साधीच जाळी सलाईनच्या पाण्याने भिजवत राहायच्या, ती आपणहून सुटेपर्यंत. मध्येच अव्वा शिव्या घालायच्या, मध्येच डुलकी घ्यायच्या. पावसाळा सरला, थंडी आली, तशी जखम भरत गेली. पाय वाचला.

अव्वांनी गल्लीभर सांगितलं, "सुनंच्या रेशमी पट्टीनं पाय राहिला." मॅडम मागोमाग घरोघर जाऊन खुलासा करायच्या, "नाही हो, साधी जाळी होती." कधी घरी गेलं आणि अव्वांनी विषय काढला, की स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर यायच्या. अव्वा म्हणायच्या, "जाळी कसली का असंना. भिजवीत कोण बसलं व्हतं?"

मॅडम अव्वांच्या आधी गेल्या. पट्टी अजून तपासणीतच आहे. मी भेटायला गेलो, तेव्हा अव्वा भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या.

"बघा मास्तर," त्या पायावरून हात फिरवत म्हणाल्या, "सुनंच्या पट्टीनं राहिला."

मी सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. अव्वाही तिकडेच बघत होत्या. खुलासा करायला कुणी बाहेर आलं नाही.