अंगठे गरम करणारा माणूस

आमच्या शिराळ्याकडच्या गावात रेशन दुकान चालवणारा माणूस शेजारी कायम गरम चहाचा ग्लास ठेवतो, पण स्वतः चहा पीत नाही. उसात भांगलण करून, तण उपटून म्हाताऱ्या बायांचे अंगठे झिजलेले असतात आणि मशीन ते ओळखत नाही. मग तो ग्लास त्यांच्या हातात देतो. "धरा, आज्जी. अंगठ्याला जरा ऊब द्या."

परवा महिनाअखेर होती. माझ्या पुढच्या आज्जींचा अंगठा मशीननं नऊदा नाकारला. अंगठा उठला नसता तर त्यांचं महिन्याचं धान्य बुडालं असतं. मी पेन्शन खाणारा मास्तर, कार्ड निव्वळ सवयीनं चालवतो. तरी घड्याळ बघत म्हणालो, "आटपा की लवकर."

त्यानं मान वर केली नाही. "मास्तर, तुमची घाई हाय. त्यास्नी भूक हाय."

दहाव्या खेपेला अंगठा उठला आणि आज्जी पिशवी घेऊन गेल्या. माझा पहिल्याच दमात उठला.

"लय मऊ हाय, मास्तर," तो म्हणाला.

रांग हसली. मीही हसलो, जरा उशिरा. मग लाज झाकायला ऐटीत विचारलं, "धान्य सोडायचा अर्ज असतो म्हणं?"

त्यानं खण उघडून कागद पुढं केला. त्यावर माझं नाव आणि कार्ड नंबर त्याच्या अक्षरात लिहिलेला होता. सहीची जागा तेवढी मोकळी होती.

"कवा लिहिलास रं हे?"

"तुमच्यात एसी बसला, तवा."

म्हणजे चार उन्हाळे त्यानं मला धान्य मोजून दिलं होतं आणि एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं.